घोडबंदरची कंपनी, वायोमिंगचा पत्ता

घोडबंदर रोडला हे नाव कशावरून पडले, हे आता त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनाही सांगावे लागते. वसईच्या खाडीकाठी एक बंदर होते; अरबांशी घोड्यांचा व्यापार तेथे चाले, म्हणून ते घोडबंदर. पोर्तुगिजांनी तेथे किल्ला बांधला आणि १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला. हल्लीची वाहतूक पाहता, एखादा अरबी घोडा आज माजिवड्याहून निघाला तर गायमुखाला तो मोटारींच्या आधी पोहोचेल याविषयी मला शंका नाही.

या रस्त्यावर कासारवडवलीला एका उंच इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावर माझी पुतणी राहते. मी नौपाड्यातला जुना ठाणेकर. लिफ्टमध्ये माझे कान बंद होतात. पण तिच्या हातच्या थालीपिठाला मान देऊन मी महिना-दोन महिन्यांनी तिकडे जात असतो. डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात असाच गेलो, तो घरात सुतकी चेहरे! जावईबापू लॅपटॉपसमोर डोके धरून बसलेले, आणि पुतणी म्हणते, "काका, अमेरिकेत रोज ५९१ डॉलर दंड लागणार आहे की नाही, हेच कळत नाहीये."

मी म्हटले, "अगं, तू तर या घरातून बाहेर पडत नाहीस. अमेरिकेत दंड होण्यासारखे तू केलेस तरी काय?"

"कंपनी काढली," ती म्हणाली.

हे मला नवीन होते. म्हणजे ती दोघे मिळून काहीतरी संगणकाचे करतात एवढे ठाऊक होते. पियानो-व्हायोलिन शिकविणाऱ्या मास्तरणींसाठी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. कोणत्या मुलाचा तास कधी, फी कोणाची थकली, कोण गैरहजर, हे सारे तो सांभाळतो. अमेरिकेतल्या दीडदोनशे शिक्षिका त्याचे महिना नऊ डॉलर देतात. आता नऊ-नऊ डॉलर दोनशे ठिकाणांहून दरमहा कार्डावर गोळा करावयाचे, तर ते करून देणारी अमेरिकन यंत्रणा आधी अमेरिकन कंपनी आणि अमेरिकन खाते मागते. तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये एका मध्यस्थाला चारशे डॉलर देऊन त्यांनी वायोमिंग राज्यात एक 'एल.एल.सी.', म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली. पारपत्राची प्रत दिली, नाव सुचविले, आणि तीन दिवसांत कंपनीचा दाखला घरी! ना तिकीट, ना व्हिसा. मालकीण एकटी पुतणीच.

परदेशी चलनाचे नाव काढले की माझे कान टवकारतात. १९७६ ते २०१२ इतकी वर्षे मी एका बँकेच्या परकी चलन खात्यात काढली. मी लागलो तेव्हा १९७३ चा 'फेरा' कायदा होता. परदेशी निघालेल्या माणसाला मोजून डॉलर द्यावयाचे, आणि त्याने एक जास्त मागितला तर त्याच्याकडे संशयाने पाहावयाचे, अशी आमची शिकवण. परवानगीवाचून परदेशात भांडवल ठेवणे हा तेव्हा गुन्हा होता. जून २००० मध्ये 'फेमा' आला, २००४ साली सामान्य माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा मिळाली, ती वाढत २०१५ साली अडीच लाखांवर गेली. आणि ऑगस्ट २०१३ पासून व्यक्तीला परदेशी कंपनीचे भांडवलही घेता येऊ लागले. दार उघडले हे खरे. पण उघड्या दाराशी एक वही ठेवलेली असते आणि तीत नाव लिहून मगच बाहेर जावयाचे असते, हे नव्या पिढीला कोणी सांगत नाही. मध्यस्थ तर नाहीच नाही. त्याने हिला सांगितले होते, "वर्षाला साठ डॉलर भरा, बाकी काही नाही."

मी विचारले, "कंपनीत भांडवल किती घातलेस?"

"हजार डॉलर. मोबाइलवरूनच पाठविले."

"आणि रिझर्व्ह बँकेचा क्रमांक?"

"कसला क्रमांक, काका?"

थालीपीठ तव्यावर करपू लागले होते. ते आधी उतरवावयास सांगितले.

येथे थोडे मागे जावे लागेल. कारण 'मर्यादित जबाबदारी' या शब्दांनीच घोटाळा केला आहे. मुंबईकरांना परदेशात पेढी काढणे नवे नाही. १८५५ साली लंडन आणि लिव्हरपूल येथे कामा आणि कंपनीची पेढी उघडली. इंग्लंडात निघालेली ती पहिली हिंदी पेढी म्हणतात. आणि तिच्या भागीदारांत एल्फिन्स्टन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी होते. पुढे दारू आणि अफूच्या व्यवहारावरून त्यांचे पटेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली. पण कामांची पेढी ही साधी भागीदारी. धंदा बुडाला तर सावकार भागीदाराच्या राहत्या घरापर्यंत यावयाचा. मौज अशी की, त्याच १८५५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने मर्यादित जबाबदारीचा कायदा केला. भागधारकाने कबूल केलेले भांडवल गेले तर जावो, त्यापलीकडे त्याच्या घरादाराला हात लावावयाचा नाही, हे तत्त्व तेव्हापासून साऱ्या जगात पसरले.

अमेरिकेतली एल.एल.सी. मात्र अगदी अलीकडची. हॅमिल्टन ब्रदर्स नावाच्या एका तेलकंपनीला असा घाट हवा होता की, मालकाचे घर सुरक्षित राहावे पण कर मात्र भागीदारीसारखा, एकदाच लागावा. त्यांनी आधी अलास्कात खटपट केली. ती फसली, तेव्हा ते वायोमिंगला गेले आणि १९७७ मध्ये तेथे कायदा झाला. अकरा वर्षांनी, १९८८ साली, अमेरिकेच्या करखात्याने या घाटाला मान्यता दिली आणि मग एकामागून एक सारी राज्ये त्या वाटेने गेली. वायोमिंग हे डोंगरांचे आणि गुरांचे राज्य. लोकसंख्या सहा लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची अठरा लाखांवर होती! डेलावेअरचे तर विचारू नका. विल्मिंग्टन गावात ऑरेंज रस्त्यावर १२०९ क्रमांकाची एक बैठी इमारत आहे, तिच्या पत्त्यावर २,८५,००० कंपन्या नोंदल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले होते. आमच्या पुतणीची कंपनी अशाच एका खोलीत राहते. राज्यात प्रत्यक्ष पत्ता असलेला 'नोंदणीकृत प्रतिनिधी' ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे. सरकारी कागद आला तर तो घ्यावयाचा आणि आपल्याला कळवावयाचे, एवढेच त्याचे काम. त्याची वार्षिक फी चुकली आणि त्याने राजीनामा दिला की कंपनी बेघर होते.

तर जबाबदारी मर्यादित आहे, ती देणेकऱ्यांपुरती. एखाद्या पियानो-शिक्षिकेने दावा लावलाच तर कासारवडवलीचा फ्लॅट सुरक्षित. पण अमेरिकेचे सरकार आणि भारताचे सरकार हे देणेकरी नव्हेत. त्यांना भांडवलाची मर्यादा दाखविता येत नाही. ते सही कोणाची आहे एवढेच पाहतात.

आता त्या ५९१ डॉलरांचे. कंपन्यांचे खरे मालक कोण, हे अमेरिकन अर्थखात्याला कळविण्याचा एक कायदा जानेवारी २०२४ पासून लागू झाला होता, आणि जुन्या कंपन्यांना १ जानेवारी २०२५ पर्यंत मुदत होती. ३ डिसेंबरला टेक्ससच्या एका न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २३ तारखेला वरच्या न्यायालयाने ती उठविली. २६ तारखेला पुन्हा बसविली! मध्यस्थाकडून रोज वेगळे पत्र येई आणि प्रत्येक पत्राखाली 'आमच्याकडून भरून घ्या, फक्त ९९ डॉलर' हे असेच. फॉर्म प्रत्यक्षात फुकट आणि वीस मिनिटांचा. मी म्हटले, स्थगिती असो वा नसो, भरून टाक. कागद दिल्याने कोणी फासावर जात नाही. तिने भरला. आणि मार्च २०२५ मध्ये त्याच अर्थखात्याने अमेरिकेत स्थापन झालेल्या सर्व कंपन्यांना त्यातून सूट देऊन टाकली! जावईबापू अजून मला त्यावरून चिडवतात.

पण त्या गोंधळाचा उपयोग असा झाला की, आम्ही सारे कागद काढून बसलो. ठाण्यातच एक चार्टर्ड अकाउंटंट बाई अशी कामे करतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटे फाइल चाळली आणि शांतपणे विचारले, "२०२३ चा फॉर्म ५४७२ कुठे आहे?"

तो नव्हता. कोणाला ठाऊकच नव्हता.

त्याची हकीकत अशी. एकच मालक असलेली एल.एल.सी. अमेरिकेच्या करखात्याच्या दृष्टीने जणू नसतेच. तिची कमाई ती मालकाची. मालकीण ठाण्यात, काम ठाण्यात बसून, अमेरिकेत कचेरी नाही, नोकर नाही, तेव्हा अशा कमाईवर अमेरिकेचा प्राप्तिकर बहुधा लागत नाही. येथपर्यंत मध्यस्थ खरे बोलला. पण कर नाही म्हणजे कागद नाही, असे नव्हे. परदेशी माणसाच्या मालकीच्या अशा कंपनीने २०१७ सालापासून दरवर्षी मालक आणि कंपनी यांच्यातली देवघेव कळविली पाहिजे. मालकाने भांडवल घातले, ती देवघेव. घरी पैसे काढले, तीही देवघेव. कंपनीच्या करपत्रकाचे पहिले पान जवळजवळ कोरे ठेवून, माथ्यावर 'परदेशी मालकीची' अशी खूण लिहून, त्याला हा ५४७२ जोडावयाचा आणि १५ एप्रिलच्या आत पाठवावयाचा. न पाठविल्यास दंड २५ हजार डॉलर.

बाईंनी आकडा सांगितला तेव्हा पुतणीने तो दोनदा विचारला. तेव्हाच्या भावाने एकवीस लाख रुपये! २०२३ च्या त्या पाच महिन्यांत कंपनीची एकूण कमाई होती तीन हजार डॉलर. हजार रुपयांच्या उधारीसाठी बैलजोडी जप्त व्हावी, तसला हा न्याय. परतताना कापूरबावडीच्या सिग्नलला आम्ही अर्धा तास अडकलो होतो. नेहमी रस्त्याच्या नावाने खडे फोडणारी माझी पुतणी एक अक्षर बोलली नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती, हे मला नंतर जावईबापूंनी सांगितले.

बाईंनी वाट दाखविली. उशिरा का होईना, फॉर्म भरावयाचा आणि त्याला उशिराचे खरे कारण सांगणारे पत्र जोडावयाचे. कारण सयुक्तिक वाटले तर खाते दंड माफ करू शकते. खात्याचे पत्र येण्याआधी आपण होऊन गेलेले बरे. पत्र पुतणीनेच लिहिले. मी फक्त तीनदा खोडले. तिने आधी मध्यस्थावर दोन पाने खर्ची घातली होती. मी म्हटले, साहेबाला दुसऱ्याची निंदा नको असते, तारखा हव्या असतात. कंपनी कधी काढली, काय समजले होते, चूक कधी उमगली, किती दिवसांत दुरुस्त केली. एक पान पुरले. ते युटा राज्यातल्या ऑग्डेन गावी फॅक्सने गेले. होय, फॅक्सने! तिथल्या मास्तरणींची फी मोबाइलवर गोळा होते, आणि सरकार फॅक्स घेते. कंपनीचा करक्रमांक मिळवावयासही तिला फॅक्सच करावा लागला होता. अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा क्रमांक नसलेल्या माणसाला तो संगणकावरून मागता येत नाही. क्रमांक फुकट मिळतो, हेही मध्यस्थाने सांगितले नव्हते.

आता आपल्याकडचे. परदेशी गुंतवणुकीचे सध्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२ चे. परदेशात भांडवल पाठविण्याआधी आपल्या बँकेमार्फत 'एफ.सी.' नावाचा फॉर्म भरून त्या कंपनीपुरता एक स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो. भांडवल घेतल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा लागतो. आणि दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत कंपनीचा कामगिरी अहवाल द्यावा लागतो. पुतणीने हजार डॉलर पाठविताना मोबाइलच्या यादीतले पहिले दिसेल ते कारण निवडले होते! आणखी एक गंमत. वायोमिंग राज्य कंपनीचे हिशेब तपासून घ्या असे म्हणत नाही. पण कंपनीचा ताबा भारतातल्या माणसाकडे असेल तर आपल्या अहवालाला तपासलेलेच हिशेब लागतात. म्हणजे तिकडे न लागणारी तपासणी इकडे करून घ्यावयाची.

आमच्या जुन्या खात्यातला धीर येथे कामास आला. बँकेच्या शाखेत पहिल्या दिवशी कोणाला हा फॉर्म ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला दुसऱ्या शाखेत पाठविले. तिथे एक तरुण अधिकारी भेटला, त्याने नियम छापून काढला, माझ्याबरोबर ओळ न् ओळ वाचला आणि म्हणाला, "आजोबा, हे होईल, पण वेळ लागेल." सहा आठवडे लागले. उशिराची फी म्हणून साडेसात हजार रुपये आणि वर किरकोळ टक्केवारी. अहवालाच्या उशिराचे साडेसात हजार वेगळे. पैशाचे दुःख नव्हते. नोंद होईपर्यंत त्या कंपनीत आणखी एक डॉलरही घालता येत नाही, आणि पुढेमागे कंपनी विकावयाची म्हटली तर हीच वही समोर येते.

प्राप्तिकराची भानगड निराळी. भारतात राहणाऱ्याची जगभरची कमाई येथे करपात्र. ती तिने प्रामाणिकपणे दाखविली होती. पण विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे एक परिशिष्ट असते, ते कोरे सोडले होते. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली या कोऱ्या जागेची किंमत दहा लाख रुपये होऊ शकते. लहान रकमांना ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे आणि हिची रक्कम त्यात बसते. तरी बाईंनी ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरवून घेतले. त्यात आपले वर्ष एप्रिल ते मार्च, परिशिष्टाचे जानेवारी ते डिसेंबर. कंपनीचे सारे निर्णय ठाण्यात बसून होतात म्हणून कंपनीच भारतीय मानावी काय, हाही प्रश्न कायद्यात आहे. वर्षाची उलाढाल पन्नास कोटींपर्यंत असलेल्यांना २०१७ च्या परिपत्रकाने त्यातून मोकळे ठेवले. पन्नास कोटींचा आकडा ऐकून त्या महिन्यात पुतणी पहिल्यांदा हसली.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज असेच काही करीत असतील. मला विचाराल तर, गिऱ्हाइके चार-दोन असतील आणि ती बँकेतून पैसे पाठविण्यास तयार असतील, तर परदेशी कंपनीच्या वाटेला जाऊ नये. ठाण्यात बसून बिल करावे. मर्यादित जबाबदारीच हवी तर २०१३ च्या कायद्याने एका माणसाचीही कंपनी आपल्याकडे निघते. हिच्यासारखी दोनशे लहान गिऱ्हाइके असतील तर गोष्ट वेगळी. मग काढावी, पण काढण्याचे शंभर डॉलर नि वर्षाचे साठ एवढेच न धरता दोन्हीकडच्या हिशेबनिसांची फी आधी धरावी. आमच्या हिशेबाने ती वर्षाला दीड लाखाच्या घरात जाते. आणि नको झाली तर वाऱ्यावर सोडू नये. वर्गणी थांबविली की राज्य कंपनीला केव्हातरी मोडीत काढते खरे. पण ऑग्डेनचा शेवटचा फॉर्म आणि आपल्या बँकेतली नोंद मागे उभी राहते.

मी तिला विचारले होते, बंद करतेस का? ती म्हणाली, "काका, दोनशे शिक्षिका आहेत. त्यांचे तास कोण सांभाळील?" मी पुढे बोललो नाही.

यंदा फराळाला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल शाईच्या खुणा दिसल्या. १५ एप्रिल, ऑग्डेन. १ ऑगस्ट, वायोमिंग. ३१ डिसेंबर, रिझर्व्ह बँक. संकष्टी आणि दूधवाल्याच्या खाड्यांच्या मधोमध. पुढल्या दोन्ही वर्षांचे फॉर्म वेळेवर गेले. फॅक्स पोहोचल्याची पावती ती देवघराच्या खालच्या खणात ठेवते. त्या पहिल्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. माफी झाली की पत्रच कुठे पडून आहे, कोणास ठाऊक. दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी ती वायोमिंगच्या प्रतिनिधीची टपालपेटी उघडून पाहते, आणि रिकामी असली की मला 'काही नाही' एवढाच निरोप धाडते.